मधाच्या रंगाचा ओक आणि जेल स्टेनचा डबा

न्यू जर्सीतलं आमचं घर १९९२ सालचं. त्या सुमाराला अमेरिकेत बांधलेल्या घरांमध्ये एक गोष्ट हमखास सापडते. स्वयंपाकघरातली कॅबिनेट, बाथरूममधलं सिंकखालचं कपाट, जिन्याचा कठडा, सगळं एकाच पिवळसर नारिंगी ओकचं. इथे त्याला ‘हनी ओक’ म्हणतात, मधाच्या रंगाचा ओक. नवं असताना ते खरंच मधासारखं दिसत असावं. तीस वर्षांनी वरचं वॉर्निश पिवळं पडून त्याचा रंग दोनदा तळण केलेल्या तेलावर गेला होता.

लाकूड मात्र ठणठणीत. एकही दार वाकलेलं नाही, एकही ड्रॉवर अडकत नाही. नव्या कॅबिनेटचा खर्च विचारून आम्ही दोघं दुकानातून निमूट घरी आलो. पांढरा रंग मारायचा विचारही झाला, पण ओकच्या रेषा इतक्या खोल असतात की रंगाचे तीन हात दिले तरी त्या खालून डोकावतात. जुनं वॉर्निश पार खरवडून कोरं लाकूड काढायचं, तर वीस दारं, त्यांच्या नक्षीदार कडा आणि नोकरी सांभाळून मिळणारे शनिवार-रविवार. तेव्हा कुणीतरी जेल स्टेन, म्हणजे लाकूड रंगवायचा घट्ट लेप, सुचवला. गेल्या चार वर्षांत मी त्याने बाथरूमचं कपाट, जिन्याचा कठडा आणि स्वयंपाकघर केलं. स्वयंपाकघराचा एक भाग दोनदा केला. का, ते पुढे येईलच.

हा स्टेन लाकडात मुरत नाही

साधा वुड स्टेन पाण्यासारखा पातळ असतो आणि लाकूड तो पितं. म्हणून त्याला कोरं लाकूड लागतं, आणि पाइन किंवा मेपलसारखं लाकूड तो कुठे जास्त, कुठे कमी पितं आणि ढगासारखे डाग उमटतात. जेल स्टेन दिसायला घोटलेल्या दह्यासारखा. डब्यात घट्ट, फडक्याने पसरवला की सैल, हात काढला की पुन्हा घट्ट. त्यात रंगाची पूड आणि तेलात शिजवलेली राळ असते. तो लाकडात जवळपास शिरतच नाही, वर एक पातळ रंगीत पापुद्रा होऊन बसतो. पाण्यावर आधारलेले जेल स्टेनही मिळतात. मी इथे तेलावर आधारलेल्याबद्दलच बोलते आहे, मी तोच वापरला.

लाकडावर बसतो ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढची प्रत्येक पायरी आपोआप समजते. जुनं वॉर्निश पूर्ण काढायची गरज नाही, कारण त्याला लाकडात शिरायचंच नाही. पण ज्यावर तो बसणार ते स्वच्छ आणि किंचित खरखरीत हवं, नाहीतर सोलून निघेल. उभ्या पृष्ठभागावर तो ओघळत नाही, म्हणून दारं जागेवर ठेवूनही रंगवता येतात. आणि पापुद्रा पातळ असल्यामुळे त्याच्यावर पारदर्शक टॉपकोटचं कवच लागतंच.

त्याला जमत नाही ते असं. तो लाकूड उजळ करू शकत नाही, फक्त गडद करू शकतो. हनी ओकवर अक्रोडी, कॉफी, महोगनी, जवळपास काळा, असे रंग छान बसतात. फिकट राखाडी किंवा कोऱ्या लाकडाचा रंग हवा असेल तर खालचा पिवळा काढल्याशिवाय सुटका नाही. लॅमिनेटवर, म्हणजे आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो त्यावर, तो धड चिकटत नाही. इथल्या बऱ्याच कॅबिनेटची दारं अस्सल ओकची असतात, पण बाजूच्या फळ्या भुशाच्या आणि त्यावर लाकडाची चित्रं छापलेला कागद. नीट बघा, तोच डोळा, तीच रेष ठरावीक अंतराने पुन्हा दिसली तर तो छापील कागद. अशा बाजूंवर खऱ्या ओकचा पातळ पापुद्रा (व्हिनियर) चिकटवून मग सगळं एकत्र रंगवलेलं बरं.

जिन्याच्या पायऱ्यांवर आणि लाकडी जमिनीवर मी तो लावणार नाही. लोक लावतात, पण वर बसलेला रंग पायांनी झिजतो आणि मधोमध फिकट वाट पडते. पोळपाट, लाटणं, परात ठेवायचा पाट, यांना तर कुठलाच स्टेन नको.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर घासायच्या आधी शिशाची तपासणी करून घ्या. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या रंगात ते असू शकतं, जुन्या वॉर्निशमध्येही. ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं फार वाईट.

काय काय आणायचं

बाथरूमच्या कपाटासाठी, दोन दारं आणि चार ड्रॉवर, मला पाव गॅलनही लागला नाही. अर्धा लिटरच्या आसपासचा, म्हणजे एक पाइंटचा डबा पुरून उरला. तेवढाच टॉपकोट. शिवाय तेलकटपणा काढणारं क्लीनर, मिनरल स्पिरिट्स (आपल्याकडच्या टर्पेंटाइनचा सख्खा भाऊ), डिनेचर्ड अल्कोहोल म्हणजे पॉलिशवाल्यांचं स्पिरिट, १५० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ३२० किंवा ४०० चा. नक्षीसाठी राखाडी घासणी. भांड्यांची हिरवी नको, ती फार कठोर. स्टील वूलही नको. त्याचे बारीक कण ओकच्या छिद्रांत अडकतात, पुढे पाण्याचा अंश लागला की गंजतात, आणि ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंड भिडलं की काळे ठिपके उमटतात.

नायट्रिलचे हातमोजे भरपूर घ्या. आणि चिंध्या. नव्या कापडाचे धागे सुटतात. पंचवीस वेळा धुतलेला बनियन, जुना पंचा, एकट्या राहिलेल्या सुती मोज्यांचे जोड. मोजा हातमोज्यावर चढवला की अंगठ्यासकट सगळा हात रंगाचा ब्रश होतो. माझं तरी ब्रशपेक्षा मोज्यावर जास्त प्रेम आहे.

आधी साफसफाई, आणि पुन्हा साफसफाई

दारं आणि ड्रॉवर काढा, मुठी काढा. प्रत्येक दाराला नंबर द्या. नंबर बिजागरीच्या खोबणीत लिहून वर चिकटपट्टी लावा, कारण बाहेर लिहिलेला नंबर तुम्हीच रंगवून टाकाल. स्क्रू त्या त्या नंबरच्या पिशवीत. सगळी दारं सारखी दिसतात, पण तीस वर्षांत प्रत्येक दार आपल्याच चौकटीला सरावलेलं असतं.

आता खरं काम. माझी चूक इथेच झाली. बाथरूम छान जमल्यामुळे आत्मविश्वास वाढला आणि स्वयंपाकघरातली कॅबिनेट मी साबणाच्या पाण्याने एकदा पुसून पुढे गेले. बाकीची निभावली. शेगडीच्या दोन्ही बाजूंची आणि वरची मात्र चार दिवस झाले तरी चिकट, आणि नखाने ओढलं की रंगाची साल निघायची.

कारण साधं आहे. आपल्या स्वयंपाकघरात रोज दोनदा फोडणी होते. तेलाची वाफ कॅबिनेटवर बसते, तिला उष्णता आणि हवा लागते, आणि वर्षानुवर्षांत तिचा राळेसारखा पिवळा थर होतो. हा थर बघून कळत नाही, तो वॉर्निशचाच भाग वाटतो. साबणाने तो हलत नाही. वर हळदीची सूक्ष्म पूड बसलेली असते ती वेगळीच. ज्या घरात आठवड्यातून दोनदा पास्ता उकडतात त्या घरासाठी लिहिलेल्या सूचना आपल्या स्वयंपाकघराला पुरत नाहीत.

म्हणून माझा आताचा क्रम असा. आधी तेल काढणारं क्लीनर फवारून डब्यावर लिहिलेला वेळ राहू द्यायचं आणि राखाडी घासणीने रेषांच्या दिशेने घासायचं. कोपऱ्यांत आणि नक्षीत जुना टूथब्रश. मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसायचं, कारण क्लीनरचा अंश उरला तर तोही रंगाला चिकटू देत नाही. लाकूड भिजवायचं नाही, फडकं पिळलेलं हवं. एक रात्र वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी मिनरल स्पिरिट्सने पुसायचं, ते मेण आणि तेलाचे अवशेष उचलतं. दर वेळी पांढरं कापड वापरायचं. कापड पिवळं आलं की पुन्हा एक फेरी. शेगडीजवळच्या दारांना मला तीन फेऱ्या लागल्या.

मुठीच्या भोवतीची जागा विसरू नका, तिथे रोजच्या हातांचा तेलकटपणा असतो. आणि फर्निचर चमकवायचे स्प्रे कधी वापरले असतील तर त्यातलं सिलिकॉन लाकडावर राहतं. त्यावर टॉपकोट लावला की माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. तसे दिसले तर मेण काढलेल्या शेलॅकचा एक पातळ हात मधे देऊन त्यावर पुढचं काम करतात. हे शेलॅक म्हणजे आपली लाखच. झारखंडच्या जंगलांत कुसुम, पळस आणि बोरीच्या झाडांवरचे कीटक जो थर तयार करतात तो. अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानात तो डबा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला सांगलीच्या घरी येणारे पॉलिशवाले आठवले. स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवलेली बाटली, कापसाची पुरचुंडी, आणि दारावर तासन्‌तास फिरणारा गोल गोल हात. इतका पातळ थर की पहिल्या दिवशी काही झालंय असं वाटतच नसे.

जुनं पॉलिश कोणतं, हेही याच वेळी बघून घ्या. दाराच्या आतल्या कोपऱ्यात पॉलिशवाल्यांच्या स्पिरिटचा (मिनरल स्पिरिट्सचा नव्हे) थेंब कापसाने घासा. चिकट होऊन विरघळलं तर शेलॅक. नाही विरघळलं तर दुसरीकडे लॅकर थिनरचा थेंब. त्याने मऊ पडलं तर लॅकर, म्हणजे फवारून लावायचं चटकन वाळणारं पॉलिश. दोन्हींना दाद देत नसेल तर वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखं टणक वॉर्निश. कारखान्यातून आलेल्या कॅबिनेटवर सहसा टणक लॅकर किंवा वॉर्निश असतं आणि त्यावर जेल स्टेन सुखाने बसतो. शेलॅक असेल तर सफाईला पॉलिशवाल्यांचं स्पिरिट वापरू नका, एवढंच.

घासायचं, पण खरवडायचं नाही

उद्देश चमक घालवण्याचा, वॉर्निश काढण्याचा नाही. सपाट भाग १५० ने हलक्या हाताने, मग २२० ने, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलेले ओरखडे आत्ता दिसत नाहीत, गडद रंग त्यांत शिरला की ओरडून दिसतात. कडांवर मशीन नको. तिथे दोन फेऱ्यांत कोरं लाकूड उघडं पडतं आणि त्या कडेला रंग वेगळा येतो. पृष्ठभाग सगळीकडे सारखा निस्तेज, धुरकट दिसला की थांबा. कुठे चमकता ठिपका राहिला तर बॅटरीचा झोत आडवा टाकून बघा, लगेच सापडतो.

खोल खळगे किंवा जुन्या मुठींची भोकं भरायची असतील तर याच टप्प्यावर वुड फिलरने भरून, वाळवून, सपाट करा. धूळ व्हॅक्यूमने ओढा, मग मिनरल स्पिरिट्सचं फडकं फिरवा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या.

रंगाचा नमुना

दुकानातल्या कार्डावरचा रंग तुमच्या लाकडावर तसा येणार नाही. खालचा पिवळा त्यात मिसळणार. एका दाराची मागची बाजू नमुन्याला घ्या, तीन पट्टे आखा: एकावर एक हात, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, आणि सगळ्यावर टॉपकोट. टॉपकोट नमुन्यावरही हवाच. वाळलेला स्टेन राखट आणि फिका दिसतो, टॉपकोट लागला की त्याला पुन्हा ओला रंग येतो. तो पट्टा सकाळी खिडकीपाशी आणि रात्री दिव्याखाली बघा. मी अक्रोडी रंग दिवसा पसंत केला होता, रात्री पिवळ्या दिव्यात तो तांबडा दिसला. शेवटी एक छटा गडद घेतली.

पहिला हात: घाबरू नका

खोलीचं तापमान साधारण २१ अंश सेल्सिअस, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, ही उत्तम परिस्थिती. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमधल्या दमट दिवसांत प्रत्येक हाताला एक दिवस जास्त लागतो. पुण्या-मुंबईकडे हे काम करणार असाल तर पावसाळा टाळा. खिडक्या उघड्या ठेवा, रंगाच्या वाफा गाळणारा (ऑरगॅनिक व्हेपर) मास्क लावा आणि जवळ ज्योत नको. शेगडी बंद, आणि देवघर त्याच खोलीत असेल तर निरांजन त्या दिवशी दुसरीकडे.

डबा हलवून खळखळवायचा नाही, काठीने तळापासून ढवळायचा. पातळ करायला काही घालायचं नाही. लागेल तेवढा स्टेन जुन्या वाटीत काढून घ्या, डबा झाका.

पद्धती दोन. कोऱ्या लाकडावर सढळ लावून दोन-तीन मिनिटांत जास्तीचा पुसून काढतात. जुन्या वॉर्निशवर तसं केलं तर जवळपास सगळाच पुसला जातो. आपल्याला इथे पातळ थर पसरवून ठेवायचा आहे. मोज्याच्या बोटांवर सुपारीएवढा स्टेन घ्या, पसरवा, आणि मग रेषांच्या दिशेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता लांब हात ओढा. मधेच उचललेला हात दिसतो. दाराचा क्रम असा: आधी नक्षीच्या खोबणी लहान फोम ब्रशने, मग मधला पॅनेल, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. आडवी पट्टी उभीला भेटते त्या सांध्यावर हात काटकोनात वळवा, लाकडाची रेष वळते तशी. हे एक जमलं की काम सुताराने केल्यासारखं दिसतं.

आणि आता ताकीद: पहिला हात भयंकर दिसतो. चट्टेपट्टे, कुठे पिवळं, कुठे तपकिरी, लहान मुलाने चिखल फासल्यासारखं. आमच्याकडे सासूबाई त्या दिवशी आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, चहा घेऊन परत गेल्या. या क्षणी लोक दोन चुका करतात. एक म्हणजे चट्टे झाकायला लगेच आणखी रंग थापतात. जाड थर आतून ओला राहतो आणि पुढे साल निघते. दुसरी म्हणजे अर्धवट वाळलेल्या भागाला पुन्हा हात लावतात. स्टेनमधल्या द्रावकाने खालचा थर सुटतो आणि तिथे पिवळं भगदाड पडतं. डाग दिसला, सोडून द्या. दुसऱ्या हातात झाकला जाईल.

चोवीस तास. मग पांढरं कापड हलकेच फिरवा. रंग आला किंवा बोटाला ओढ लागली तर आणखी थांबा. दोन हातांच्या मधे पॉलिश पेपर लावायचा नाही, रंगच निघून जाईल. एखादा ओघळ सुकला असेल तर तेवढ्याच जागी राखाडी घासणी अलगद. दुसरा हात पहिल्यासारखाच, पण घासायचं नाही, फिरवायचं. दुसऱ्या हाताने सगळं एकसारखं होतं, तिसऱ्याने गडद. मी दोनावर थांबले, म्हणजे ओकच्या रेषा झिरपून दिसत राहतात. ओकची छिद्रं मोठी, त्यांत रंग जास्त साठतो आणि रेषा गडद उठून दिसतात. हाच जेल स्टेनचा ओकवरचा खरा डौल. चार हात दिले की तो तपकिरी ऑइल पेंट होतो, मग लाकूड कशाला ठेवलं?

वरचं कवच

टॉपकोट तेलाचा किंवा पाण्याचा. तेलाचं पॉलियुरेथेन मजबूत, रंगाला ऊब देतं, वास जास्त, वाळायला वेळ जास्त. पाण्याचं लवकर वाळतं आणि पिवळं पडत नाही. गडद रंगावर पिवळेपणाची चिंता नसल्यामुळे मी तेलाचं, फडक्याने लावायचं घेतलं. पाण्याचं घेणार असाल तर शेवटच्या स्टेननंतर किमान ७२ तास थांबा. खाली तेल ओलं असताना वर पाण्याचा थर दिला की तो जाळीसारखा तडकतो किंवा सोलतो.

पहिल्या टॉपकोटच्या आधी काहीही घासायचं नाही. पहिला हात अगदी हलका, दोन ओढींत संपवायचा. तिसऱ्यांदा तिथेच फिरवलं की खालचा रंग उचलला जातो. तो वाळला की रंग बंदिस्त झाला. मग ३२० किंवा ४०० ने फुंकर घातल्यासारखं घासा, धूळ पुसा, दुसरा हात, पुन्हा तसंच, तिसरा हात. सिंकच्या आणि शेगडीच्या जवळ मी चौथाही दिला. सॅटिन, म्हणजे मंद चमकेचं, घ्या, चकचकीत नको. चकचकीत पृष्ठभाग प्रत्येक बोटाचा ठसा आणि धुळीचा कण दाखवतो. सॅटिनमध्ये चमक कमी करणारी पूड तळाशी बसते, म्हणून दर वेळी ढवळा, नाहीतर पहिलं दार चकचकीत आणि शेवटचं खडूसारखं.

दारं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत बसवता येतात, पण पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे. तोवर ओल्या फडक्याने पुसायचं नाही, आणि दाराच्या कोपऱ्यांना रबराचे छोटे ठिपके लावायचे, म्हणजे दार चौकटीला चिकटणार नाही.

बाथरूमच्या कपाटाला सुरुवातीपासून दारं बसेपर्यंत बारा दिवस लागले. त्यात हातात ब्रश किंवा मोजा असलेला वेळ जेमतेम आठ तास. घाई असेल तर पाहुणे येण्याच्या आदल्या आठवड्यात हे काढू नका.

चिंध्या

हा भाग कृपा करून वगळू नका. तेलाच्या स्टेनने आणि वॉर्निशने भिजलेल्या चिंध्या वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतात आणि तापतात. पसरलेली चिंधी थंड होत राहते. बोळा करून टाकलेल्या ढिगात उष्णता कोंडते, आणि काडी न लावता आग लागते. आमच्यापासून तासाभरावर फिलाडेल्फियात, २३ फेब्रुवारी १९९१ रोजी वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला आग लागली. बाविसाव्या मजल्यावर लाकडी पॅनेलिंगचं काम करून कामगारांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या ठेवल्या होत्या. त्या आपोआप पेटल्या. तीन अग्निशमन जवान गेले. आग तिसाव्या मजल्यावरच्या स्प्रिंकलरपाशी थांबली.

तेव्हा काम संपलं की प्रत्येक चिंधी, मोजा, फोम ब्रश घराबाहेर सुटा सुटा पसरायचा. कुंपणावर किंवा काँक्रीटवर, कोरड्या पानांवर नाही. पापडासारखा कडक झाला की मग फेकायचा. किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण घट्ट लावायचं आणि गावातल्या घातक कचऱ्याच्या संकलनात द्यायचं. गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या कचरापेटीत एक रात्रही नाही.

कठडा, बाहेरचं दार आणि देव्हारा

जिन्याच्या कठड्याला कॅबिनेटसारखीच कृती, फक्त हात फिरतो त्या वरच्या भागाची सफाई दुप्पट. माणसाच्या हाताचं तेल तिथे वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. टॉपकोट तिथे चार हात. आणि घरातल्यांना बजावून ठेवा. आमच्या मुलाने पहिल्याच रात्री सवयीने कठडा धरला, त्याच्या पाच बोटांवर मग मी तिसरा हात दिला.

बाहेरच्या दाराला जेल स्टेन खूप वापरतात, विशेषतः लाकडासारखी नक्षी असलेल्या फायबरग्लासच्या दारांना, कारण फायबरग्लास काहीच पीत नाही. तिथे बाहेरच्या वापरासाठीचा, सूर्यकिरण अडवणारा टॉपकोटच हवा. घरातला उन्हात दोन वर्षांत फुटतो. काम सावलीत, पहाटे सुरू करा, म्हणजे रात्री दार लावता येईल. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दाराचा टॉपकोट निस्तेज दिसू लागला की लगेच एक हात द्या. तो फाटून रंगापर्यंत ऊन पोचलं तर सगळं पहिल्यापासून.

देव्हाऱ्याचं वेगळं. आमचा सागवानी देव्हारा भारतातून सामानात आलेला, समईच्या काजळीने वरून काळा आणि कुंकवाच्या पाण्याने खालून तांबडा. उत्साहात त्यालाही जेल स्टेन लावणार होते. स्पिरिटचा थेंब घासला तर वरचं पॉलिश लगेच चिकट झालं. लाखेचंच होतं. सागाला रंगाची गरज नव्हती, त्याच्यावर फक्त मळ होता. मिनरल स्पिरिट्सने काजळी उतरवली आणि पातळ शेलॅकचे चार हात दिले. नवं शेलॅक जुन्यात विरघळून एकजीव होतं, घासाघाशीची गरजच पडत नाही. फक्त समई आता भिंतीपासून वीतभर पुढे ठेवतो, उष्णतेने लाख मऊ पडते.

उरलेल्या स्टेनच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचा कागद टेकवून मग झाकण ठोका, नाहीतर वर साय धरते. झाकणावर रंगाचं नाव, कुठल्या खोलीत वापरला आणि किती हात दिले ते लिहून ठेवा. पुढे व्हॅक्यूम क्लीनर आपटून कोपरा उडाला की बोटाच्या टोकावर थेंबभर घेऊन तिथे टिपायचा, एक दिवस वाळू द्यायचा, आणि इअरबडने वर टॉपकोट. सिंकखालच्या दाराला मी आत्तापर्यंत असं तीनदा केलंय.